जोड थंड होईस्तोवर

बाबा, तुम्ही गेल्याला एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला रबराच्या मासोळ्यांबद्दल लिहायला बसले आहे. ओट्यावर गॅसची बारीक आच आहे, मूठ नसलेली ती तुमची सुरी आहे, गार पाण्याचा वाडगा आहे आणि जुन्या वर्तमानपत्रावर फाटक्या मासोळ्यांची रांग लावली आहे. कुणाचं नाक उसवलंय, कुणाची शेपटी गेली आहे, एक तर मधोमध चिरली आहे. खिडकी उघडी ठेवली आहे. आई आता नाही, पण या कामात तिचा आवाज अजून मधे येतोच. "दिवसभर लोखंड जोडून पोट भरलं नाही वाटते, आता घरी येऊन रबर जोडून राहिले! वरणाले वास लागते त्याचा." रायपूरच्या समता कॉलनीतल्या माझ्या या घराच्या खाली दवाखाना आहे. तिथला कंपाउंडर काल वर आला, नाकाला रुमाल लावून. "दीदी, कुछ जल रहा है क्या?" मी म्हटलं, हव, जल रहा है, पर काम का जल रहा है. तो माझ्याकडे बघत खाली गेला. कामगार न्यायालयात गरजणारी बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात रबर का वितळवते, हे त्याला कोण सांगणार?

बीरगांवच्या दोन खोल्यांमधला रॉकेलचा स्टो मला स्पष्ट दिसतो. तुम्ही शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वेल्डर. सहा दिवस लोखंडाला लोखंड जोडायचं आणि सातव्या दिवशी तलावावर गळ टाकून बसायचं, एवढंच तुमचं आयुष्य आहे असं मला तेव्हा वाटे. मिलमध्ये नवं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. कोणत्या देशाचा, ते तुम्हालाही नीट सांगता यायचं नाही. त्याची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्याला. मासे मात्र दोघांनाही धरता येत होते. दोन महिने दर रविवारी तुम्ही दोघं काठावर मुकाट बसलात आणि जाताना त्यानं तुमच्या हातात एक चपटी डबी ठेवली. आत मऊ रबराच्या मासोळ्या. बोटभर लांब, लाल, हिरव्या, आणि शेपटी इतकी पातळ की फुंकर मारली तरी हलावी. आपल्याकडे गळाला लावायचं ते गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. ही असली वस्तू रायपुरात विकत मिळणं सोडा, कुणी पाहिलीही नव्हती. त्यामुळे फाटली की दुरुस्त करणं भाग होतं, आणि मरळाचे दात लागून ती दर रविवारी फाटायचीच.

आधी ब्लेडनं उसवलेली कड साफ कापायची. "घाव साफ नसला तं जोड धरत नाही," असं तुम्ही म्हणायचे. मग सुरी तापवायची. लाल करायची नाही, नुसती गरम. दोन्ही कडांच्या मधे पातं धरायचं, दोन्ही बाजू एकाच वेळी ओल्यासारख्या चमकल्या की पातं सर्रकन ओढून घ्यायचं आणि कडा एकमेकींना टेकवायच्या. दाबायचं नाही. दाबलं की फुगवटा येतो आणि मासोळी पाण्यात वाकडी चालते. वाकलेली शेपटी गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि तशीच गार पाण्यात सोडायची. दोन जातींचं रबर एका डब्यात ठेवायचं नाही, मे महिन्यात एकमेकांना चिकटून दोघांचाही लगदा होतो. आणि तुटलेला बारीकसा तुकडासुद्धा पाण्यात टाकायचा नाही, खिशात टाकायचा. तुमच्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या खिशाला तेलकट डाग होता आणि आई तो घासता घासता त्या परदेशी माणसाचा उद्धार करायची. हे सगळं मला येत होतं, बाबा. पाहून पाहून पाठ झालं होतं. मला न येणारी गोष्ट एकच होती. कडा टेकवल्यावर तुम्ही ती मासोळी दोन चिमटींत धरून बसायचे. बोलणं नाही, हलणं नाही. मग खालच्या ओठाला जोड लावून बघायचे. "अजून आहे गरम." परत धरून बसायचे. त्या वेळात माझ्या अख्ख्या निबंधाचा शेवट सुचून व्हायचा.

मी अकरावीत होते. वक्तृत्वाच्या दोन ढाली घरात होत्या आणि वाचनालयातलं जे पुस्तक हाती लागेल ते मी संपवत होते. त्याच हिवाळ्यात तुमच्या मिलमध्ये एका माणसाचा डावा हात तापलेल्या सळईखाली सापडला. दोन महिन्यांनी, एका रविवारी, त्याच्या भरपाईसाठी मिलच्या फाटकावर सभा होती. मी गेले, मुलगी असून गेले, आणि गर्दीत तुम्हाला शोधत राहिले. तुम्ही नव्हता. घरी आले तर तुम्ही स्टोसमोर उकिडवे बसलेले, हातात सुरी. माझा तोल गेला. ढाल मिळवताना वापरलेला सगळा आवाज मी त्या दहा बाय दहाच्या खोलीत लावला. तिथे माणसाचा हात जळाला आणि तुम्ही इथे रबर जाळत बसलात? माणूस मोठा की मासोळी? तुमच्यासारखे लोक गप्प बसतात म्हणून मालक माजतात! आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही वर पाहिलं नाही.

"झालं बोलून?" तुम्ही विचारलंत. "मंग हे धर. हलू देऊ नको. थंड होईस्तोवर."

मी धरलं. पण माझं बोलून झालं नव्हतं. मुद्दा अजून बाकी होता आणि मुद्दा आला की माझा उजवा हात वर जातो, तेव्हाही जायचा. हात वर गेला, जोड उघडला, शेपटी खाली जमिनीवर पडली. तुम्ही ती उचललीत, धोतराला पुसलीत. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुले बोलता येते, पोट्टी," तुम्ही म्हणालात. "धरता नाही येत." आणि ब्लेड घेऊन कड पुन्हा साफ करायला लागलात.

तो राग मी जपून ठेवला. वकील झाले, कामगारांच्या सभांतून बोलायला लागले, उरल्याच्या कितीतरी फाटकांवर माझा आवाज घुमला. दुसरे वक्ते आपल्या बापाची गोष्ट सांगून लोकांना रडवतात. मी तुमचा उल्लेख एकदाही केला नाही. काय सांगणार होते? माझे वडील सभेला आले नाहीत, असं? आणि एक तुम्हाला आजही सांगते, त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं. बोलणं हेही काम आहे. ज्यांचे हात जळतात त्यांच्यासाठी कुणीतरी घसा जाळला नाही तर कागद हलत नाही, हे मी कोर्टाच्या पायऱ्यांवर रोज बघते. तेवढ्यापुरती मी माघार घेणार नाही. तुमच्यापुढेही नाही.

आता यंदाचं ऐका. तुमचा तलाव अजून आहे. तो मासेमारांच्या समितीकडे आहे आणि रविवारी गळवाल्यांना तिथे बसू देतात. बसणारे बहुतेक उरल्याचेच, आठवड्यातून एक सुट्टी मिळणारे. रबराच्या मासोळ्या आता मोबाइलवरून पाकिटानं मागवता येतात, त्यामुळे फाटली की फेकली. दिवाळीनंतर समितीच्या अध्यक्षीणबाईंनी एक मरळ चिरला तर आतड्यात हिरवी शेपटी अडकलेली. मासा नुसता हाडाचा राहिला होता. मग दुसऱ्यातही निघाली. बाई माझ्याच वयाच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. कारखान्याच्या घाण पाण्यावरून मी एकदा त्यांच्या बाजूनं भांडले होते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. समितीचं ठरलं होतं, कणीक लावा, गांडूळ लावा, रबर बंद. मी ते गळवाल्यांना समजावून सांगायचं. मी अर्धा तास बोलले. छान बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारा एक गडी काठावर गेला, फाटकी शेपटी दातानं तोडली आणि थू करून पाण्यात टाकली.

अध्यक्षीणबाई हसल्यासुद्धा नाहीत. "तोर भासन बने हे दीदी," त्या म्हणाल्या, "फेर मछरी मन भासन नइ सुनँय." भाषण चांगलं, पण मासे कुठे ऐकतात! मला इतकं झोंबलं की मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसले. चार रविवार द्या. मी इथे काठावर बसेन, जो कुणी फाटकी मासोळी आणेल त्याला जोडून देईन. चौथ्या रविवारी जाळं ओढा. एक तुकडा जरी वर आला तरी बंदीचा बोर्ड मी माझ्या हातानं लिहीन.

"बोर्ड लिखे बर आथे न तोला?" बाईंनी विचारलं. लिहिता येतं ना? सगळा काठ हसला.

तळ साफ असावा म्हणून त्यांनी आधी एकदा जाळं ओढून जुने तुकडे काढून टाकले. पहिल्या रविवारी मी तुमची सुरी आणि एक छोटा स्टो घेऊन बसले. जोडलेल्या नऊपैकी सहा माझ्या डोळ्यांदेखत उघडल्या. एक जण म्हणाला, "रहने दो ना दीदी, ऑनलाइन नई मँगा लेंगे." मी म्हटलं, जरूर मँगाओ, पुरानी कहाँ जाएगी? त्यानं मान खाजवली आणि तुकडा खिशात टाकला. तुमचं ते वाक्य मी त्यांना दिलं होतं, पाण्यात नाही, खिशात. कुणाचं आहे ते सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी एक म्हातारे काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता सुरीकडे बघत राहिले. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, पंजा मुळासारखा वाकलेला. "ये चाकू मैं पहचानता हूँ," ते म्हणाले. "तू वेल्डर भाऊ की लड़की है." मग खाली बसले आणि मला सांगायला लागले. त्यांचाच हात तो, सळईखाली सापडलेला. दवाखान्यातून सुटल्यावर ते घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तुम्ही त्यांना तलावावर ओढून नेलंत. काठी एका हातानं धरता येत होती. पण गांडूळ? कणकेची गोळी? मासा ती दर वेळी खाऊन जातो, पुन्हा लावायला दोन हात लागतात. "दूसरे से कितनी बार बोलूँगा, लगा दे, लगा दे? शरम आती थी. तो भाऊ ने रबर दे दिया. एक बार लगाओ, दिन भर चलता है. फट जाता, तो अगले इतवार जोड़ के ले आते." मी सुरी खाली ठेवली. विचारलं, सभा झाली त्या रविवारी? काका म्हणाले, "उसी दिन तो पहली बार ले गए थे. मीटिंग का हल्ला मेरे को सुनना नहीं था."

तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाही, बाबा. काहून नाही सांगितलं? मी एवढी किंचाळत होते तेव्हा "ही मासोळी त्याच्यासाठी आहे," एवढं एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं? याचा राग आला मला, खरा राग. आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी कशावर पैज लावून बसले आहे. रबर बंद झालं तर बाकीचे लोक कुरकुर करतील आणि कणीक मळतील. बंद होणार होता तो फक्त एका माणसाचा रविवार.

तिसऱ्या रविवारी मी पेटले होते. काठावर माणसं जमली होती, काका समोर होते, त्यांची लाल मासोळी माझ्या हातात होती. शेपटी कधीच गेली होती, म्हणून मी दुसऱ्या एकीची हिरवी शेपटी तिला लावत होते. लाल अंगाला हिरवी शेपटी, तशी अख्ख्या तलावावर एकच. कडा टेकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना तुमच्याबद्दल सांगायला लागले. मिलबद्दल, स्टोबद्दल, त्या डबीबद्दल. लोक जवळ सरकून ऐकत होते. एकानं डोळे पुसले. अशी शांतता पडली की वक्त्याला दुसरं काही दिसत नाही. मुद्दा आला. हात वर गेला. जोड वरून धरलेला दिसत होता, म्हणून मी तो ओठाला न लावताच काकांना देऊन टाकला.

चौथ्या रविवारी सकाळी जाळं ओढलं. समितीच्या बाया, काही गळवाले, मी, आणि उजव्या हातानं दोर धरलेले काका. जाळ्यात शेवाळ आलं, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, एक चप्पल आली. आम्ही ओळीनं बसून शेवाळ वेचत होतो. अर्धं जाळं झालं, पाऊण झालं, रबराचा पत्ता नाही. कुणीतरी शीळ घातली. मी शेवाळाचा एक पुंजका उचलला आणि त्यात ती होती. हिरवी शेपटी, टोकाला लाल रबराची बारीकशी कड. माझा जोड. मूठ उघडून मी ती अध्यक्षीणबाईंच्या पुढ्यात धरली आणि म्हटलं, माझी आहे, मी जोडलेली. बाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. गळवाल्यांमधून आवाज आला, एक ही तो है, छोड़ो ना. बाईंनी तुकडा परत माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, एक म्हटलं होतं, एक निघाला. रंग आणा.

काका नंतर म्हणाले, "पूँछ तो उसी दिन गई थी, दूसरी बार फेंका तभी. मैं बोला नहीं." मी विचारलं, का नाही बोललात? ते हसले. "तू इतना अच्छा बोल रही थी."

सोमवारी मी बोर्ड लिहिला. रंग ओघळला, 'मना है'चा 'है' खाली सरकला. लिहून होईपर्यंत अध्यक्षीणबाई बाजूला उभ्या होत्या. मग म्हणाल्या, होळीनंतर जाळं परत पडेल. तोवर लोकांनी तुझ्याकडे टाकलेल्या सगळ्या फाटक्या मासोळ्या जोडून आण. एकेक मासोळी मी स्वतः ओढून बघेन, माझ्या हातात तुटल्या नाहीत तर बोर्ड काढू. "अउ भासन झन देबे," एवढं वर सांगितलं. भाषण नको. मी हो म्हटलं. मला त्या बाईचा राग येत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, फक्त जास्त शब्दांत.

म्हणून हे ओट्यावरचं काम. दोन डबे आहेत, दोन जातींचे, वेगवेगळे. रोज संध्याकाळी चार-पाच होतात, जास्त नाही. कडा टेकवते आणि धरून बसते. फोन वाजतो, वाजू देते. ओठाला लावते, गरम असते, पुन्हा धरते. मग दोन्ही टोकं ओढून बघते. तुटली तर कड साफ करते आणि पहिल्यापासून. होळीपर्यंत एकही अशी ठेवणार नाही जी त्या बाईच्या हातात उघडेल. आणि दर रविवारी सकाळी तलावावर जाते. काका काठी धरतात, मी कणकेची गोळी लावते. मासा खाऊन जातो, मी पुन्हा लावते. लगा दे म्हणायची वेळ मी त्यांच्यावर येऊ देत नाही, दोर वर आला की माझा हात तयार असतो. बोर्ड लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मधेच काहीतरी सांगायला लागले होते, कोर्टातल्या एका निकालाबद्दल. काका म्हणाले, "वकील साहिबा, धीरे. नीचे वाले सुनते हैं." मागच्या रविवारी एक रोहू लागला, वीतभर. त्यांनी तो परत सोडला आणि मला म्हणाले, अच्छी गोली बनाती है, बस थोड़ी कड़ी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मासोळ्यांच्या डब्यात ठेवलं तर रबराचं तेल लागून अक्षरं पसरतील, म्हणून सुरीच्या खणात ठेवते आहे.

एक राहिलं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की जाळ्याजवळ मूठ मी आपणहून उघडली. वर तुम्हालाही तसंच लिहिलं आहे. तसं झालं नाही, बाबा. तुकडा दिसला तशी मी मूठ मिटली, आणि मिटलेली मूठ माझ्या जॅकेटच्या खिशापर्यंत गेली होती. शेजारी दोर धरून बसलेल्या काकांनी ते पाहिलं. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मछली थोड़ी है बेटी, जो भाग जाएगी. खोल." मग मी उघडली.